उंबरठ्यावरचा शृंगार

शृंगार हा शब्द मराठी माणूस दोनच ठिकाणी मोकळेपणानं उच्चारतो. एक रससिद्धान्तावरच्या व्याख्यानात आणि दुसरं देवीच्या सालंकृत पूजेत. एरवी त्याला तो 'तसलं' म्हणतो. तसलं पुस्तक, तसलं गाणं, तसला सिनेमा. 'तसला' म्हणजे कसला, हे कोणी विचारत नाही आणि तरी सगळ्यांना कळतं. तीन अक्षरांत एवढा मोठा विषय बसवणारी दुसरी भाषा निदान माझ्या पाहण्यात नाही.

तर या तसल्या सिनेमांपैकी कोणते म्हातारे झाले आणि कोणते अजून तरतरीत आहेत, याचा मी गेले काही महिने अभ्यास करतो आहे. अभ्यास हा शब्द घरच्यांसाठी. नातवानं टीव्हीला काहीतरी जोडून दिलंय, त्यामुळे ज्या सिनेमांना पूर्वी तोंडाला रुमाल बांधून जावं लागे ते आता चहा पीत बघता येतात. बायको आतून विचारते, "काय चाललंय?" मी म्हणतो, "समीक्षा." ती म्हणते, "आवाज जरा कमी करा समीक्षेचा."

या कामाला माझा अधिकार आहे, कारण मी नरसिंहपूरचा. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा जिथं मिळतात तिथं आमचं गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. देव लक्ष्मी-नृसिंह. ज्या देवानं हिरण्यकशिपूला ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, बरोबर तिन्हीसांजेला उंबरठ्यावर गाठलं, त्या देवाच्या गावात वाढलेल्या माणसाला अधल्यामधल्या जागेचं महत्त्व शिकवावं लागत नाही. माझा सगळा सिद्धान्त त्या उंबरठ्यावरच उभा आहे. जो शृंगार आतही नाही आणि बाहेरही नाही तो टिकतो. जो सगळाच बाहेर आला तो पहिल्या खेळाला संपतो. आणि जो सगळाच आत राहिला त्याला आपण 'सहकुटुंब पाहावा असा चित्रपट' म्हणतो.

पहिला पुरावा 'सांगत्ये ऐका'. अनंत माने यांचा १९५९ चा चित्रपट. पुण्याच्या विजयानंदला तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. एवढ्या मुदतीत माणसाचं लग्न ठरतं, होतं, पाळणा हलतो आणि पोर भिंत धरून चालायला लागतं! आणि एवढं होतं काय त्यात? गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज, चापूनचोपून नेसलेली जयश्री गडकर आणि दागिना हरवल्याची एक तक्रार. बुगडी ही कानाच्या वरच्या पाळीत घालायची वस्तू. ती सहजासहजी पडत नाही. मग पडली कशी? हे कवी सांगत नाही, बाई सांगत नाही, आणि सेन्सॉरला विचारता येत नाही. प्रेक्षक मात्र सव्वाशे आठवडे तपास करत होते. आज पाहिलं तरी तपास पुरा होत नाही. म्हणून चित्रपट तरुण आहे.

हा सिनेमा पुढे आमच्याकडे नृसिंहजयंतीच्या जत्रेत तंबूत आला. वाळवंटात तंबू, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये कनात. माझी एक आत्या होती, बालविधवा. तिला तंबूची वाट बंद होती. पण कर्ण्याला कोण बंद करणार? ओसरीवर तांदूळ निवडत तिनं पाच रात्री तो सिनेमा ऐकला. पुढे आठ-पंधरा दिवस पहाटे जात्यावर तिच्या ओव्या चालल्या होत्या त्या नृसिंहाच्याच. चाल मात्र बुगडीची! आजोबा एकदा म्हणाले, "ही चाल नवी दिसते." आत्या म्हणाली, "देवळात ऐकली." खोटंही नव्हतं, कर्ण्याचा आवाज देवळापर्यंत जातच होता. जिच्या कानांत आयुष्यभर साधी काडी नव्हती तिला बुगडीची लावणी एकही चित्र न बघता कळली होती. मोठमोठ्या समीक्षकांपेक्षा मी तिचं मत प्रमाण मानतो.

दुसरा पुरावा शांतारामबापूंचा १९७२ चा 'पिंजरा'. याचं मूळ गाव जर्मनी. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या १९३० च्या 'द ब्लू एंजल'मध्ये मार्लेन डीट्रिशच्या पायी एक प्राध्यापक धुळीला मिळतो. आपल्याकडे प्राध्यापकाचे मास्तर झाले, गाणारणीची तमासगिरीण झाली आणि मास्तरांच्या हाती तुणतुणं आलं. आज 'पिंजरा' पाहताना सांगतो, त्यातला उपदेश पार म्हातारा झालाय. रंगही जरा जास्तच रंगलेत. संध्याबाईंच्या डोळ्यांची फिरकी पाहून कधीकधी आपलीच मान दुखते. टिकलाय तो श्रीराम लागूंचा चेहरा. या बाईनं आपल्याकडे बघू नये आणि बघायचं थांबवूही नये, या दोहोंच्या मध्ये तो चेहरा असा अडकतो की, बघणाऱ्याला स्वतःच्या चेहऱ्याची काळजी वाटू लागते. नाच बाईंचा आहे, शृंगार मास्तरांच्या चेहऱ्यावर आहे. जो भुलतो त्याच्याकडे कॅमेरा वळवला की सिनेमा लवकर पिकत नाही. भुलवणारीची वेशभूषा जुनी होते. भुलणाऱ्याचा चेहरा होत नाही.

उलट बाजूचा पुरावाही देतो, नाहीतर पक्षपात होईल. राज कपूर यांचा १९७८ चा 'सत्यम् शिवम् सुंदरम्' बराचसा पुण्याजवळ लोणीला, त्यांच्या नदीकाठच्या मळ्यात झाला. नदी मुळा-मुठा. ती पुढे भीमेला मिळते आणि भीमा आमच्या घाटाला येते. म्हणजे झीनत अमान ज्या पाण्याकाठी चिंब झाल्या ते पाणी कायदेशीरपणे आमचं! तरीसुद्धा, गावाचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, सिनेमा म्हातारा झाला. रूप वरवरचं असतं, मन पाहा, असं तो घसा फोडून सांगतो आणि त्याचा कॅमेरा मन सोडून बाकी सगळं पाहून घेतो. कीर्तनकारानं वैराग्यावर निरूपण करता करता तबकातल्या नोटा मोजाव्यात, तशातला प्रकार.

दादा कोंडक्यांना वगळलं तर गावात मला पाणी मिळणार नाही. १९७१ चा 'सोंगाड्या' अजून ताजा आहे, कारण त्यातल्या नाम्याला दुसरा अर्थ ठाऊकच नसतो. तो बिचारा सरळ बोलतो. वाकडं ऐकतो तो आपण. पुढे पुढे त्यांच्या नायकाला दोन्ही अर्थ कळायला लागले, तशी गंमत आटत गेली. विनोदातली बुगडी सापडली की तपास बंद.

आता माझ्या मते या सगळ्यांत वयानं सर्वांत लहान राहिलेला सिनेमा म्हणजे जब्बार पटेल यांचा १९७७ चा 'जैत रे जैत'. कथा गो. नी. दांडेकरांची, गाणी महानोरांची, संगीत हृदयनाथांचं. मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी. इथं ना फड, ना शिट्ट्या. डोंगर आहे, पाऊस आहे आणि ठाकरांची एक पोर आहे. आधीच्या नवऱ्यापासून सुटून ती आपल्याला हवा तो माणूस उजेडात निवडते. तुम्ही म्हणाल, यात तुमचा उंबरठा कुठाय? आहे की! फक्त चिंधी तो स्वतःच्या पायांनी ओलांडते. तिला कोणी ढकलत नाही, तिच्याकडे कोणी फटीतून बघत नाही. 'सत्यम् शिवम्'मधल्या नायिकेला दिग्दर्शक हाताला धरून बाहेर काढतो, म्हणून ती चाळीस वर्षांत थकली. चिंधी अजून डोंगर चढते आहे.

इथवर आलो की मला आमच्या देवाचीच धास्ती वाटते. उंबरठा ही जागा कथेत कोणाच्या सोयीची असते, आणि कोणाच्या मरणाची? लावणी टिकली, कारण ती आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती, हे आपण कौतुकानं म्हणतो. पण ती नाचणारी बाईसुद्धा तिथंच उभी होती. तिला घरात घेतलं नाही आणि फडातून सोडलं नाही.

'सांगत्ये ऐका'च्या नायिका हंसा वाडकर. त्यांची आत्मकथा १९७० मध्ये पुस्तकरूपानं आली, तिचंही नाव 'सांगत्ये ऐका'. दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी तिच्यावरून 'भूमिका' काढला आणि स्मिता पाटीलनंच ती वठवली. एकाच साली एकच नटी, एकीकडे उंबरठा ओलांडणारी आणि दुसरीकडे घरामागून घरं बदलूनही त्याच उंबरठ्यावर येणारी! दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहा. मग 'पिंजरा' कोणासाठी होता, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

हंसाबाईंनी पडद्यावर म्हटलं, ऐका. पुस्तकावरही लिहिलं, ऐका. आपण सव्वाशे आठवडे बघत बसलो. ऐकलं ते आमच्या आत्यानं, तांदूळ निवडता निवडता.