'अमेरिकन ब्यूटी': अर्धे बंड

अमेरिकन उपनगरातल्या मध्यमवयीन घुसमटीचा विषय निघाला की सॅम मेंडिसच्या 'अमेरिकन ब्यूटी'चा (१९९९) उल्लेख हटकून होतो. अ‍ॅलन बॉलच्या पटकथेतला बेचाळीस वर्षांचा लेस्टर नोकरी सोडतो, वरिष्ठाला धमकावून वर्षभराचा पगार पदरात पाडून घेतो, बर्गरच्या दुकानात कामाला लागतो, १९७० ची फायरबर्ड गाडी घेतो. प्रेक्षक हसतो, पण त्याच्या बाजूने.

मला मात्र हा चित्रपट त्याच्या पत्नीपाशी, घरे विकणाऱ्या कॅरोलिनपाशी, खरा वाटतो. घासूनपुसून लख्ख केलेले घर दिवसभरात खपत नाही, तेव्हा खिडकी झाकून ती रडते आणि रडल्याबद्दल स्वतःच्याच थोबाडीत मारते. घुसमट दोघांची, निवेदनाचा आवाज मात्र लेस्टरला मिळतो, कॅरोलिनच्या वाट्याला उपहास येतो. इटालियन रेशमाच्या सोफ्यावर बिअर सांडेल म्हणून ती जवळीक मोडते, तेव्हा पटकथा तिला दोषी ठरवून मोकळी होते. त्या सोफ्यासाठी तिने काय गिळले असेल, ते फक्त अ‍ॅनेट बेनिंगच्या चेहऱ्यावर दिसते.

लेस्टरने राजीनामा दिल्यावर घराच्या कर्जाची काळजी कॅरोलिनच करते. एकाच्या मोकळिकीचा हप्ता दुसरीने भरायचा, या हिशेबाकडे ५ ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट डोळेझाक करतो. म्हणून त्यातले बंड मला अर्धेच वाटते.