विहिरीची कळ कोणाच्या हाती?

शाळेच्या पुस्तकात सिंचन म्हटले की धरण आणि कालवा यांचे चित्र येते. प्रत्यक्षात भारतातील निम्म्याहून अधिक सिंचन विहिरी व कूपनलिकांवर चालते. वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल आपण उपसतो. दुसरा कोणताही देश एवढा उपसा करत नाही. म्हणूनच तुषार शहा यांचे ‘टेमिंग द ॲनार्की’ हे २००९ सालचे इंग्रजी पुस्तक शिक्षकांनी वाचावे असे आम्हाला वाटते. मात्र ते प्रश्न विचारत वाचावे.

लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे. कालव्याला दार असते आणि ते उघडणारा सरकारी माणूस असतो. विहिरींचे तसे नाही. दक्षिण आशियात कोट्यवधी शेतकरी आपापल्या पंपाने पाणी काढतात. प्रत्येकाला परवाना देणे, मीटर बसवणे, पट्टी वसूल करणे कोणत्याच खात्याला झेपणारे नाही. हा मुद्दा पटतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरीला मनाई आहे. पण बोअरची गाडी रात्री कोणाच्या शेतात उभी राहते, हे पाहणार कोण?

मग उपाय काय? लेखक विजेकडे बोट दाखवतात. भूजल दिसत नाही, पण पंपाची वीज तारेतून येते आणि ती रोखता येते. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ‘ज्योतिग्राम’ योजनेत गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्या. गावाला चोवीस तास वीज मिळू लागली. शेतीला ठरलेल्या वेळी आठ तास, पण पूर्ण दाबाने. उपशावर मर्यादा घालण्याचे एक साधन सरकारच्या हाती आले.

आमचा आक्षेप इथे आहे. वीज तोडल्याने पंप थांबतो, पण आपल्या जमिनीखाली किती पाणी आहे हे शेतकऱ्याला कळत नाही. उत्तर गुजरातच्या गाळाच्या जाड थरांनाही आठ तास आणि भेगांमध्ये जेमतेम पाणी धरणाऱ्या सौराष्ट्रातील काळ्या पाषाणालाही आठ तास, हा हिशेब भूशास्त्राला धरून नाही. शिवाय ही कळ आता निसटू लागली आहे. २०१९ साली ‘पीएम-कुसुम’ योजना आली आणि सौर पंप वाढले. उन्हाचे बिल येत नाही आणि ऊन कोणत्या खात्याला तोडताही येत नाही. उरलेली सौर वीज शेतकऱ्यांकडून विकत घ्यावी, हा शहा यांचा पुढचा विचार चांगला आहे. गुजरातेत धुंडी गावी तसा प्रयोगही झाला. पण त्यातही शेतकरी विजेचा हिशेब शिकतो, पाण्याचा नाही.

दुसरी वाट नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवली. तिथे पाऊस मोजला जातो, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहिरींना तिथे बंदी आहे. अशी गावे थोडी, हे खरे. त्याचे एक कारण आमच्या मते वर्गात आहे. भूजलाचा धडा परीक्षेपुरता राहतो आणि गावातल्या विहिरीची पातळी कोणी लिहून ठेवत नाही.

दोरीला वजन बांधून, शिक्षक सोबत असताना, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी मोजायला खर्च जवळजवळ येत नाही. शाळेने पाच वर्षे अशी वही चालवली, तर रब्बीला काय पेरायचे याची चर्चा करताना ग्रामसभेपुढे अंदाजाऐवजी आकडे असतील.