वेणू ओठी, नाम कुठे? दाक्षिणात्य बासरीतली भक्ती

मुक्ताईच्या गावात बासरीवर बोलायचं, तर पहिला प्रश्न तुमच्याकडूनच येणार: वेणू ओठाला लावली, की मुखी नाम कसं घ्यायचं? प्रश्न थट्टेचा नाही. वारकरी भक्ती शब्दावर उभी आहे. ताटीच्या अभंगांत मुक्ताई ज्ञानदेवांची समजूत काढते, ती शब्दांनीच.

कर्नाटक संगीतातही तेच आहे. त्यागराज (१७६७–१८४७) मराठा राजांच्या तंजावर मुलखातले. त्यांची कृती म्हणजे बहुतेक वेळा रामाशी तेलुगूत केलेलं बोलणं. मग बासरीवर ती वाजली, की उरतं काय?

तिरुवैयारूला त्यांच्या आराधनेत पंचरत्न कृतींच्या सामूहिक गायनाआधी बासरीवर भैरवीतली ‘चेतुलारा’ वाजते. समोरच्या रसिकांना शब्द पाठ असतात. वाद्य वाजतं, गाणं मनात चालतं. आपल्याकडे पेटीवर ओळखीची चाल निघाली, की अभंग आपसूक ओठांवर येतो ना, तसंच.

पण वादकाचीही जबाबदारी आहेच. टी. आर. महालिंगम, म्हणजे माली (१९२६–१९८६), यांनी आठ भोकांच्या त्या आखूड बासरीत गळ्यातली गमकं आणली. हे थोर काम. त्यांच्याच पिढीतले टी. विश्वनाथन (१९२७–२००२) वाजवता वाजवता थांबून तीच ओळ गात. काहींना ही वाद्याची हार वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. श्वास कुठे तोडायचा, जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा, हे शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही, आणि गाऊन ते ऐकणाऱ्यालाही कळतं. भक्तीच्या दृष्टीने आम्ही विश्वनाथनांच्या वाटेला अधिक मानतो.

आमची तक्रार आहे ती ‘मनःशांतीसाठी बासरी’ म्हणून फिरणाऱ्या ध्वनिफितींबद्दल. कृतीचं नाव नाही, रचनाकाराचं नाही, नुसता घुमारा. त्याने झोप लागेल, पण कोण कुणाला आळवतंय ते समजणार नाही. त्याला भक्तिसंगीत म्हणायला आम्ही तयार नाही.

तेव्हा एक करा. एखादी कृती आधी गायलेली ऐका, अर्थ विचारून घ्या, दोन-चारदा गुणगुणा. मगच ती बासरीवर ऐका. वादकाची फुंकर शब्दाच्या मधेच तुटली, तर तुम्हालाच खटकेल. आणि तुटली नाही, तर तेलुगू न येताही नाम ऐकू येईल.