हत्ती, पखाली आणि सुरतेची भिंत

परीक्षण लिहावे ते पुस्तकाचे, फार तर नाटकाचे, अशी माझी आजवरची समजूत. ती यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडली. आमचे घर कामरेजला, तापीपासून फार दूर नाही. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असते, तेव्हा माझा नातू आणि शेजारचा त्याचा गुजराती मित्र आमच्या पुढच्या खोलीत संगणकावर लढाया खेळत बसतात. एके दिवशी नातवाने हाक मारली, "आजोबा, या, आपले मराठे बघा." मी चष्मा लावून पाहायला गेलो. पडद्यावर हत्तींची एक रांग चालत होती आणि हत्तींच्या पाठीवर चक्क तोफा होत्या.

खेळाचे नाव 'एम्पायर : टोटल वॉर'. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो २००९ मध्ये काढला. अठराव्या शतकातले जग नकाशावर मांडायचे, एक सत्ता निवडायची, कर गोळा करायचा, फौज उभारायची आणि लढायचे, असा हा प्रकार. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंक्तीला मराठेही निवडता येतात. आपल्या नावाला जगाच्या बाजारात जागा मिळाली याचा आनंद मलाही झाला, तो लपवत नाही. पण आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवलेल्या माणसाचा आनंद फार वेळ टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो.

पहिली शंका नावाची. खेळ सुरू होतो १७०० साली आणि आपल्या राज्याला त्यात 'मराठा संघ' म्हटले आहे. १७०० साल म्हणजे राजाराम महाराजांचे निधन आणि महाराणी ताराबाईंनी हाती घेतलेली सूत्रे. औरंगजेब तेव्हा दक्षिणेत तळ देऊन होता. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले अशा सरदारांच्या सत्ता उभ्या राहून संघ म्हणावा असे काही दिसू लागले, ते पुढे पेशव्यांच्या काळात. आमचे कामरेज ज्या बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे, त्या गायकवाडांचे मूळ पुरुष पिलाजीराव सोनगडला पाय रोवतात तेच मुळी १७२०च्या आसपास. नातू म्हणाला, "वीस वर्षांनी काय बिघडतं?" मी म्हटले, "तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुझ्या मुलाचं नाव छापलं तर?" तो हसला. त्याला कळले.

दुसरी गोष्ट हत्तींची. आपल्या फौजांत हत्ती नव्हते असे नाही. सरदाराची अंबारी, निशाण, नौबत, अवजड सामान यांसाठी ते होतेच. पण तोफ-बंदुकीच्या काळात हत्तीची भिंत करून शत्रूवर चालून जाणे ही मराठ्यांची रीत नव्हे. पानिपतावर विश्वासराव पडले तेव्हा भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि अंबारी रिकामी पाहून सैन्याचा धीर सुटला, असे सांगतात. हत्ती होता तो सर्वांना धनी दिसावा म्हणून. खेळ करणाऱ्यांना हिंदुस्थान म्हटले की आधी हत्ती आठवतो आणि मग तो प्रत्येक लढाईत आणावाच लागतो.

तिसरी गोष्ट मला अधिक खुपली. बंदूकवाल्यांच्या एका तुकडीचे नावच 'हिंदू मस्केटियर्स' असे आहे. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना आणि शिस्तीचे पायदळ कोणाच्या हाताखाली होते? इब्राहिमखान गारद्याच्या. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. फौजेत शिपाई कोणत्या पथकाचा, कोणाच्या पागेचा, पगारी की स्वतःच्या घोड्याचा, हे विचारले जाई. तुकडीला धर्माचे नाव देणे ही लांबून पाहणाऱ्याची सोय झाली.

एवढे दोष काढल्यावर मला वाटले, परीक्षण संपले. पागोटी बदला, हत्ती कमी करा, नावे सुधारा, की झाला अस्सल मराठा. पण आणखी चार दुपारी खेळ पाहिला आणि लक्षात आले की खरी चूक पोशाखात नाही, नियमांत आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या फौजेची रचना दिली आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोडा घेऊन लढणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती आपण विसरतो : पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा. या दोघांवाचून पंचवीस स्वार दोन मुक्काम पुढे जाऊ शकत नाहीत. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील, कुणब्याच्या घरचे काही ओरबाडाल तर त्याला मोगल बरे वाटतील, आणि दिव्याची जळती वात उंदराने गवताच्या गंजीत नेली तर पागा जळेल, इतक्या बारकाव्याची ती ताकीद आहे. राज्य चालवणारा माणूस उंदराचाही विचार करत होता!

पडद्यावरचा मराठा स्वार मात्र ना खातो, ना त्याचा घोडा वैरण मागतो. तो पावसाळ्यात घरी परतत नाही आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करत नाही. समोरासमोर फळी धरून उभे राहावे आणि कोण आधी मोडतो ते पाहावे, हा खेळाचा नियम. तो नियम युरोपातल्या पलटणींसाठी बेतलेला आहे. आपल्या स्वाराची सारी करामत लढाई टाळण्यात होती : शत्रूची रसद तोडायची, त्याला थकवायचे, आपण निवडलेल्या जागी गाठायचे. १७०६ मध्ये धनाजी जाधव गुजरातेत उतरले आणि रतनपूरला मोगली फौजेची दाणादाण उडाली, ती अशाच चपळाईने. खेळात मात्र चपळ माणूस दुबळा ठरतो. गुणालाच तेथे अवगुणाचा आकडा मिळतो.

यावर कोणी म्हणेल, खेळ तो खेळ, त्यात वैरण कोण मोजणार? मीही असेच म्हणालो असतो. पण नातवाने त्याच कंपनीचा दुसरा खेळ दाखवला. त्याचे नाव 'थ्रोन्स ऑफ ब्रिटानिया', साल २०१८. काळ इसवी सन ८७८ चा, आल्फ्रेड राजाच्या इंग्लंडचा. त्यात अँग्लो-सॅक्सन फौज परमुलखात गेली की तिची शिदोरी संपत जाते आणि माणसे उपाशी मरतात. नवी तुकडी एका दिवसात उभी राहत नाही, गावागावांतून माणसे जमत जमत ती भरते. आल्फ्रेडने आपल्या फौजेत निम्मे लोक घरी, निम्मे चाकरीवर अशी पाळी लावल्याचे सॅक्सनांच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. हे वाचून मला आपल्या मावळ्यांची पेरणी आठवली. दोन्ही खेळांत नऊ वर्षांचे अंतर आहे आणि त्या काळात कसबही वाढले असेल. तरी एक गोष्ट मनाला लागते : स्वतःच्या पूर्वजांची भाकरी त्यांनी मोजली, आमच्या पूर्वजांचे हत्ती मोजले.

त्यांच्याकडून घेण्यासारखे आणखी एक आहे. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ मध्ये एका राजाच्या थडग्यात शिरस्त्राण सापडले, पाचशेहून अधिक तुकडे झालेले. विद्वानांनी ते एकदा जुळवले. पुढे ते चुकीचे जुळवल्याचे ध्यानात आले, तेव्हा पुन्हा सुटे करून १९७१ मध्ये नव्याने उभे केले. संग्रहालयात मिरवणारी वस्तू मोडायला धैर्य लागते. आपल्याकडे २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली. ती महाराजांनी वापरलेलीच, याला पुरावा नाही, असे खुद्द ते संग्रहालय सांगते. आपण किती जणांनी ते ऐकून घेतले?

इतरांना कशाला बोल लावू? एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'सुरतेवर छापा' हे नाटुकले बसवले होते. सगळ्या मावळ्यांना एकाच रंगाचे फेटे, पत्र्याच्या तलवारी आणि तोंडी टाळीची वाक्ये. सुरतेतला एकही माणूस मी रंगमंचावर आणला नव्हता. सुरत म्हणजे नुसत्या मोहरांच्या पेट्या! प्रेक्षकांत निम्मी गुजराती कुटुंबे होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या, ते त्यांचे सौजन्य.

म्हणूनच एका दुपारी नातवाच्या मित्राने सहज विचारले, "दादा, सुरत तो शिवाजीए ज लूंट्युं हतुं ने?", तेव्हा मी जरा गडबडलो. गुजरातीत आजोबांना दादा म्हणतात. पोराने मानाने विचारले होते आणि मानाने उत्तर देणे भाग होते. मी सांगितले : हो. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, दोनदा. मोगलांनी मुलूख उद्ध्वस्त केला होता, त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून घ्यायची हा हिशेब होता. कापुचिन पाद्र्यांचा मठ आणि एका दानशूर दिवंगत दलालाचे घर सोडले, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो. आणि धन लपवणाऱ्यांचे हात तोडले, घरे जळाली, असे त्या वेळी सुरतेत असलेला इंग्रज पाद्री एस्कालियट लिहितो. शत्रूच्या गोटातला माणूस वाढवून लिहीत असेल, हे खरे. पण पहिली साक्ष घ्यायची आणि दुसरी टाकायची, असा न्याय मला करता येत नाही. नातू माझ्याकडे पाहतच राहिला. हे त्याने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

पत्र्याची तलवार काय आणि पडद्यावरचा हत्ती काय, जात एकच. दोन्ही मुलाला सांगतात की योद्धा म्हणजे शोभा. योद्ध्याचे अस्सल चित्र काढायचे तर त्याच्या मागे पखाली हवा आणि समोर ज्याच्या घरावर तो चालून गेला तो माणूस हवा. दोन भाषांत वाढणाऱ्या आमच्या मुलांना याची गरज अधिक आहे, कारण समोरचा माणूस त्यांच्या बाकावर शेजारीच बसलेला असतो.

सुट्टीच्या शेवटी दोघांनी संगणक बंद करून पुठ्ठ्यावर स्वतःचा खेळ आखला. ज्वारीचे दाणे ही वैरण, चिंचोके हे स्वार. प्रत्येक मुक्कामाला दाणे कमी होतात आणि पंचवीस चिंचोक्यांमागे एक गुंज पखाली म्हणून ठेवावी लागते. मित्राने सुरत घेतली आणि लगेच तक्रार केली, "मारी दीवाल क्यां छे?" मी म्हटले, १६६४ साली सुरतेला पक्का तट नव्हताच, विटांची भिंत नंतर आली. तो म्हणाला, मग निदान सुभेदार तरी चांगला द्या. मी सांगितले, इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला होता, शहर उघडे टाकून. पोरगा क्षणभर गप्प झाला. मग पुठ्ठ्यावरचा एक चिंचोका उचलून त्याने किल्ल्याच्या चौकोनात ठेवला आणि रागाने म्हणाला, "आने तो हुं ज पकडीश."

नातवाने त्याला स्वतःचे पाच स्वार उसने दिले. नियमांत तसे कलम नव्हते. आम्ही ते रात्री जेवणाआधी लिहून घेतले.