माध्यमाचा प्रतिकार आणि अभिकल्पकाचे आत्मभान

डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) या ग्रंथात अभिकल्पाकडे परिस्थितीशी चाललेला संवाद म्हणून पाहिले. अभिकल्पक रेषा काढतो, ती त्याला काही अनपेक्षित सुचवते आणि त्यातून त्याचा मूळ हेतूही बदलतो. हे चिंतन कृतीनंतर येत नाही, कृतीतच घडते. निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे त्याचे काय होते, हा प्रश्न भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो.

कापडाची नक्षी म्हणजे केवळ चित्र नव्हे. आलेखकागदावरील प्रत्येक चौकोन हा उभा धागा वर राहील की आडवा, याचा निर्णय असतो. डॉबीवर उभ्या धाग्यांचे गट उचलणाऱ्या चौकटी मोजक्याच असतात. जॅकार्डने ही मर्यादा बरीच सैल केली. तरीही फार लांब मोकळा सुटलेला धागा अडकतोच. त्यामुळे पाकळी आखणाऱ्याला पाकळीचा विचार धाग्याच्या परिभाषेत करावा लागतो. माध्यमाचा हा प्रतिकार हेच त्याच्या आत्मपरीक्षणाचे निमित्त होय.

मागणी शब्दांत नोंदवताच सिद्ध चित्र देणाऱ्या यंत्रणेत हा प्रतिकार जाणवत नाही. पर्याय विपुल मिळतात. निवड हाही चिंतनव्यापारच आहे, असा युक्तिवाद येथे करता येईल, आणि तो अंशतः खराही आहे. मात्र निवडीचे निकष घडतात ते प्रत्यक्ष करण्यातून. ज्याने धागा अडकताना पाहिला नाही, त्याच्या निवडीत धाग्याचा विचार येणार कुठून?

बा. सी. मर्ढेकरांनी मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे अशा चित्रालाही लावता येतील. कदाचित ते त्या कसोटीला उतरेलही. परंतु सिद्ध आकृतीपुरतेच पाहणाऱ्या समीक्षेला येथे झालेली हानी दिसणार नाही, कारण ती आकृतीत नसून प्रक्रियेत आहे.

शिवाय हे चित्र अखेर विणावे लागतेच. कोणता धागा कोठे बांधायचा, कोणती छटा गाळायची, हे प्रश्न चित्राचे विणीत रूपांतर करणाऱ्या कारागिरासमोर येतात. म्हणजे प्रतिकार नाहीसा होत नाही. तो पुढच्या माणसाकडे सरकतो. चिंतनाचा भार त्याच्यावर पडतो, पण मूळ हेतू बदलण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. अभिकल्पाच्या समीक्षेने यापुढे कर्तृत्वाचा विचार करताना ही फारकत लक्षात घेणे आवश्यक ठरते.