पांढऱ्या साडीतलं भूत : विद्यार्थ्यांचा भयपट आणि संशोधनाची फाईल

मागच्या व्याख्यानात आपण भयानक रसाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं होतं, की हे शास्त्र ठीक आहे, पण आज कॉलेजात शॉर्ट फिल्म करणाऱ्या मुलांना याचा काय उपयोग? तेव्हा वेळ संपली होती. आज त्याच प्रश्नावर बोलतो, आणि बोलता बोलता माझी एक चूकही सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. नियम असा होता, की एक जॉनर निवडायचा, त्याचं संशोधन करायचं, नियोजनाची फाईल द्यायची आणि मग दहा मिनिटांची फिल्म करायची. चौघांच्या एका गटानं भयपट निवडला होता. फाईल चाळीस पानांची. पाहिलेल्या भयपटांची यादी, त्यांतल्या दृश्यांचे फोटो, रंगांचा तक्ता, प्रेक्षकांची पाहणी आणि तिचे गोल आलेख, शॉटगणिक आराखडा, शूटिंगचं वेळापत्रक, सगळं होतं. गोष्ट अशी : १९२० सालचा एका ब्राह्मण कुटुंबाचा वाडा, त्या घरातली तरुण विधवा विहिरीत जीव देते, आणि शंभर वर्षांनी चार मित्र तिथं रात्र काढायला येतात. भूत कसं? पांढरी साडी, मोकळे लांब केस आणि पैंजणांचा आवाज.

मी संशोधनाला वीसपैकी अठरा गुण दिले.

महिनाभरानं फिल्म दाखवली. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती बाई उभी राहिली, सभागृहात मुलं किंचाळली, आणि मला एकदम आमची आत्याआजी आठवली. आजोबांची बहीण. लहानपणीच विधवा झालेली. मी पाच-सहा वर्षांचा असताना ती साठीच्या आसपास असेल. तिच्या अंगावर तांबडं आलवण असायचं. डोक्यावर केस नव्हते, दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दारी यायचा. पायात पैंजण सोडाच, हातात काचेची बांगडीसुद्धा नव्हती. म्हणजे पडद्यावरच्या बाईची साडी चूक, केस चूक आणि आवाजही चूक. आणि हे ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं, त्या मी, फाईल वाचताना तीन वेळा 'उत्तम' असा शेरा मारला होता!

आता तुम्ही म्हणाल, सर, भूतच आहे, वेशभूषेवरून कशाला भांडायचं? भांडण वेशभूषेचं नाही. ती साडी आली कुठून ते बघा. १९४९ चा 'महल', १९६२ चा 'बीस साल बाद', १९६४ चा 'वो कौन थी?'. पांढऱ्या कपड्यांतली, रात्री भटकणारी, गाणं म्हणणारी बाई आपल्या डोक्यात बसवली ती अशा हिंदी चित्रपटांनी. गंमत अशी, की या तिन्ही चित्रपटांत शेवटी भूत नसतंच. ती जितीजागती बाई असते आणि गौडबंगाल माणसांनीच केलेलं असतं. पुढच्यांनी तिची साडी उचलली, मग त्यांच्यावरून आणखी पुढच्यांनी, आणि शेवटी आमच्या चौघांनी. त्यांच्या फाईलमध्ये वीस चित्रपट होते, पण १९२० च्या घरातली एकही बाई नव्हती. जॉनरचं संशोधन म्हणजे त्या जॉनरचे आधीचे नमुने बघणं, असं आपण मुलांना शिकवतो. त्यातून कळतं ते एवढंच, की इतरांनी काय केलं. आपण ज्याची गोष्ट सांगतोय ते काय आहे, हे त्यातून कळत नाही.

इथं मला अभिनवगुप्त लागतो. घाबरू नका, दोनच मिनिटं. नाट्यशास्त्रावरच्या टीकेत भयानक रसासाठी तो 'शाकुंतला'च्या सुरुवातीचं हरिण घेतो, दुष्यंताच्या बाणापुढं पळणारं. तो म्हणतो, प्रेक्षकाला जी भीती जाणवते ती 'मी घाबरलो' अशी नसते, आणि 'तो घाबरला' अशीही नसते. स्थळाकाळाच्या बंधनातून सुटलेली, कुणा एकाची नसलेली अशी ती नुसती भीती असते. याला आपण साधारणीकरण म्हणतो. परीक्षेत सगळे एवढंच लिहितात. पण कालिदासानं काय केलंय ते विसरतात. त्यानं 'एक भ्यालेलं हरिण' असं लिहिलेलं नाही. मान वळवून मागं बघणं, अंगाचा मागचा भाग पुढं ओढून घेणं, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेलं गवत वाटेवर सांडणं, हे सगळं त्यानं बघितलंय. भीती सगळ्यांची होते, कारण हरिण अगदी एकच आणि तेच आहे. विद्यार्थ्यांच्या फिल्मला हे अर्धवट चघळलेलं गवत मिळवून देणं, हे संशोधनाचं काम.

मग ते मिळतं कुठं? एक वाट ग्रंथालयात आहे. १९१५ साली एन्थोवेन या अधिकाऱ्यानं कोकणातल्या लोकसमजुतींचं एक इंग्रजी पुस्तक संपादित केलं. त्यातलं साहित्य जमवलं होतं जॅक्सननं, म्हणजे नाशिकला १९०९ साली कान्हेऱ्यांनी ज्याला गोळी घातली तोच कलेक्टर. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरं त्यात आहेत. ती वाचताना लक्षात येतं, की आपल्याकडे नुसतं 'भूत' असं काही नसतं. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर मुंजा. बाळंतपणात गेलेली अळवंतीण. वारस नसलेला किंवा क्रियाकर्म राहिलेला समंध. विधवेच्या भुतालासुद्धा लावसट असं वेगळं नाव आहे. गावागणिक तपशील बदलतात, पण धागा एकच. ज्याच्या आयुष्यातलं काहीतरी अर्धं राहिलं, तो परत येतो. म्हणजे भुताबद्दलचा पहिला प्रश्न 'ते कसं दिसतं' हा नाहीच. त्याचं काय राहिलंय, आणि ते कुणी राहू दिलं, हा आहे.

दुसरी वाट घरातच असते. आत्याआजीला आम्ही मुलं कधी भ्यालो नाही. मोठी माणसं मात्र भ्यायची. वडील नोकरीच्या मुलाखतीला निघाले, बहिणीला बघायला पाहुणे आले, की आत्याआजी आपणहून उठून आतल्या खोलीत जायची. कुणी सांगायचं नाही. तिलाच माहीत होतं. जिवंत बाईला अख्खं घर भीत होतं, आणि ती भीती ती स्वतः सांभाळत होती.

आता फिल्मकडे परत या. त्या मुलांनी त्याच बाईला मेल्यानंतर पुन्हा जिन्यावर उभं केलं आणि तिला बघून किंचाळा, असं सांगितलं. घरातल्यांनी जे तिच्याशी केलं तेच फिल्मनं केलं. हा दोष नीतीचा की कलेचा? माझ्या मते तो एकच दोष आहे. तिला नीट बघितलं असतं तर फिल्म जास्त भीतिदायक झाली असती. जिच्या अंगावर एकही दागिना नाही तिच्या येण्याचा आवाज होत नाही, हा ध्वनीचा आराखडा आयता मिळाला असता आणि पैंजणांची गरज पडली नसती. मित्र निघायला लागले, की दारातून कुणीतरी हळूच आत सरकतं, एवढा एक शॉट पुरला असता. १९४२ च्या 'कॅट पीपल' या कमी खर्चातल्या अमेरिकन चित्रपटात रात्री एकटी चालणारी बाई आहे, तिच्या बुटांचा आवाज आहे, आणि मग अचानक येऊन थांबणारी बस. दाखवलेलं काहीच नाही. पैसे नसलेल्या विद्यार्थ्यानं मेकअपपेक्षा हे शिकावं.

कुणी म्हणेल, मग काय नुसत्या लोककथाच करायच्या? नाही. 'तुंबाड'मधला हस्तर कुठल्याही पुराणात नाही, तो रचलेला आहे. पण ती कणकेची बाहुली, साखळदंडातली म्हातारी, न थांबणारा पाऊस आणि बापाकडून मुलाकडे जाणारी हाव, यांमुळं तो खरा वाटतो. कल्पना हवी तेवढी करा. ती उभी कशावर आहे, ते माहीत हवं.

माझ्या हातात पुन्हा तसं काम आलं, तर चाळीस पानं मागणार नाही. तीन प्रश्नांची उत्तरं मागेन. तुमच्या गोष्टीत भितो कोण? ज्याला भितो, त्याचं काय राहिलंय? आणि हे कळण्यासाठी तुम्ही चित्रपट सोडून कुणाशी बोललात? मग वेळापत्रक आणि शॉटची यादी, तीही हवीच. त्याशिवाय फिल्म पुरी होत नाही, हे मला मान्य आहे.

फिल्म संपल्यावर त्या गटातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिनंच ती पांढरी साडी नेसली होती. म्हणाली, "सर, भीती वाटली का?" मी म्हटलं, "छान झालीय गं." खोटं बोललो. तिला खुर्चीवर बसवून आत्याआजीबद्दल सांगायला हवं होतं, आणि तुझ्या घरात अशी कुणी होती का, ते आजीला विचार, असं म्हणायला हवं होतं. पुढच्या गटाची फिल्म सुरू व्हायची होती. मी अठरा गुणांच्या खाली सही केली.

थांबतो. आता प्रश्न घेऊ या.