मधु लिमये यांचा पहिला बंदिवास : एक साधनविचार

कै. मधु लिमये (१९२२–१९९५) यांनीं गोव्याच्या तुरुंगांत लिहिलेली रोजनिशी १९९६ सालीं इंग्रजी ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यास हा विषय घरचा आहे. कारण १९५५ सालचा गोवा-सत्याग्रह या सरहद्दीवरही झाला, आणि १५ ऑगस्ट रोजीं बांद्यापलीकडे पत्रादेवी येथें सत्याग्रही पोर्तुगीज गोळीबारास बळी पडले. रोजनिशीची योग्यता निर्विवाद आहे. तथापि केवळ तिच्या आधारें लिमये यांचें चरित्र जुळवूं गेल्यास एक दोष घडण्याचा संभव आहे. तो येथें दाखवितों.

दोष हा कीं, बंदिवासाचें मोल शिक्षेच्या आंकड्यावरून ठरविलें जातें. डिसेंबर १९५५ मध्यें पोर्तुगीज लष्करी न्यायालयानें लिमये यांस बारा वर्षांची सजा फर्माविली. त्यांनीं बचाव केला नाहीं कीं अपीलही केलें नाहीं. प्रत्यक्षांत एकोणीस महिन्यांहून थोडा अधिक बंदिवास घडून १९५७ सालीं सुटका झाली. उलटपक्षीं, १९४० सालीं युद्धविरोधी प्रचाराबद्दल अटक होऊन ते खटल्यावांचून सुमारें वर्षभर, सप्टेंबर १९४१ पर्यंत, धुळ्याच्या तुरुंगांत होते. तेथें सजा नाहीं, म्हणून आंकडा नाहीं. आणि आंकडा नाहीं, म्हणून चरित्रकार एका वाक्यांत पुढें सरकतो.

आमच्या मतें हा पहिला बंदिवासच चरित्राचा पाया होय. त्या वेळीं लिमये यांचें वय अवघें अठरा. हिंदुस्थानास न विचारतां व्हाइसरॉयनें सप्टेंबर १९३९ मध्यें देश युद्धांत ओढला होता. फॅसिझमला विरोध, परंतु साम्राज्याच्या युद्धास साह्य नाहीं, ही समाजवाद्यांची भूमिका. जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी केली, तेव्हां कम्युनिस्ट पक्षानें पुढें त्याच युद्धास लोकयुद्ध म्हटलें. समाजवादी ढळले नाहींत. लिमये १९४२ च्या भूमिगत चळवळींत गेले, आणि सप्टेंबर १९४३ ते जुलै १९४५ पुन्हां खटल्यावांचून बंदींत राहिले. सत्ता इंग्रजांची असो वा पोर्तुगीजांची, तिला आपल्या संमतीचा आधार द्यावयाचा नाहीं, हें सूत्र धुळ्यास दिसतें; गोव्यांत बचाव न करण्यामागें आम्हांस तेंच दिसतें.

संग्राहकांनीं यांतून एक गोष्ट घ्यावी. खटला चालतो तेथें आरोपपत्र, जबान्या, निवाडा असे कागद दप्तरीं राहतात. खटल्यावांचून कोंडलेल्या माणसाचा निवाडाच नसतो. त्याची साक्ष स्थानबद्धतेचा हुकूम, तुरुंगांतील पत्रें, हातोहात वांटलेलीं पत्रकें यांत विखुरलेली असते. मोडी कागदांचे रुमाल आपण जपून बांधतों, आणि १९४० सालचें पोस्टकार्ड रद्दींत घालतों. मालवणपासून बांद्यापर्यंत कोणाच्या घरीं युद्धकाळांतील किंवा गोवा-सत्याग्रहाचे असे कागद असतील, ते तारीखवार लावून ठेवावे. ज्यांस न्यायालयापुढें उभेंच केलें नाहीं, त्यांची बाजू इतिहासापुढें मांडावयास असे कागदच उपयोगीं पडतील.